मले कोणी छळतच नव्हतं

माह्यात एक मोठी खोट आहे. मले कोणी छळत नाई.

लहानपणी मास्तर मारे, पण तो साऱ्याईलेच मारे, त्यात माह्यासाठी वेगळं काही नव्हतं. चौथीत शाळा सुटली, मग तेही राहून गेलं. पुढं ऑटो घेतला. सौंसरहून जामसांवलीले भक्त न्यायचे, दर्शन झालं की वापस आणायचे. स्टँडवर ऑटोवाले नंबरासाठी एकमेकाची गचांडी धरते, पण माह्यासोबत कोणी भांडत नाई. म्हणते, याले जाऊ द्या बे पुढं, हा इथं बोलत बसला तं सवाऱ्या ऐकतच उभ्या राहते. घरी बायको रागावते, पण अर्ध्यातच तिले हसू येते. अन् बाजूले मोठा भाऊ राहते, दादा. तो मिस्त्री आहे, लोकाईची घरं बांधते. दिवसभरात मोजून बोलते. असा माणूस छळंन तरी कसा?

आमचं घर एकच होतं. बाबूजी गेल्यावर दादानं मधातून भिंत घातली, अर्धं त्याचं, अर्धं माह्यं. पण भिंतीत दार ठेवलं. दाराले कडी लावली नाई. मी म्हटलं, कडी राहिली दादा. तो म्हणाला, नाई राहिली. त्या दारातून वहिनीच्या वांग्याच्या भाजीचा वास आला की मी ताट घेऊन तिकडं जात होतो. माह्या बायकोचा स्वैपाक वाईट नाई, पण तिले घाई राहते. वहिनीले घाई नाई. फरक तेवढाच, अन् माह्या पोटाचा आकार त्याच फरकानं झाला.

आता काकाजीचं सांगतो.

काकाजी पहिले खतं अन् बियाणं विकत. मग एक दिवस त्याईले काहीतरी दिसलं. काय दिसलं हे सांगत नव्हते, पण दिसलं एवढं नक्की सांगत. गावाबाहेर एका संत्र्याच्या बगीच्यात टिनाचं शेड टाकून दर गुरुवारी बसत. त्याले आम्ही परिवार म्हणत होतो. काकाजी इतके हळू बोलत की ऐकाले पुढं वाका लागे, अन् वाकलेला माणूस दुरून पाया पडल्यासारखाच दिसते. लय दिवस मले वाटे, काय श्रद्धा आहे लोकाईची. मग मी गेलो तं मीही वाकलो. ऐकू येत नव्हतं म्हून.

मी गेलो ते देवासाठी नाई. मे महिन्यात भर दुपारी एक सवारी तिथं सोडली. शेडात पाह्यलं तं हा मोठा कूलर. वाळ्याचे पडदे, पाण्याचा आवाज, अन् मागून आलूभाताचा वास. माह्या ऑटोत तेव्हा सीटवर भाकर ठेवली असती तं शेकली असती. मी म्हटलं, पाच मिनिट बसून घेऊ. वर्षभर बसलो.

पण कूलरचं एक होतं. हवा फक्त पुढच्या ओळीले लागे. अन् पुढची ओळ होती ज्याईनं जास्त छळ सोसला त्याईच्यासाठी.

तिथं दर गुरुवारी छळ सांगायचा राहे. एकेक जण उठे अन् सांगे, परिवारात आल्यापासून लोकाईनं त्याले कसं छळलं. छळणाऱ्याईचं नाव होतं 'ते लोक'. ते लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाई. साऱ्याईले माहीत असल्यासारखं दिसे, मग मीच कायले अडाणी दिसू. एका बाईच्या बाजूवाल्याच्या बकरीनं हिचा मोगरा खाल्ला. काकाजी डोळे मिटून म्हणाले, बकरी नाई खात, खाऊ घालते. एका मास्तरची बदली रामाकोन्याले झाली. त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्याच्या बदल्या झाल्या होत्या, पण याची श्रद्धेमुळं झाली. सत्संगात लाइट गेली तं ते लोकाईनं घालवली. बाहेर येऊन पाह्यलं तं अर्ध्या सौंसरची गेली होती. जोडीदार म्हणाला, पाहा, आपल्यासाठी किती लोकाईले अंधारात टाकलं.

जोडीदार म्हणजे, नव्या माणसाले काकाजी एक जुना माणूस लावून देत. माह्यावाला बँकेतून रिटायर झालेला होता, इस्त्रीचा शर्ट, बामाचा वास. रोज संध्याकाळी माह्या ऑटोत पुढं माह्या बाजूले बसे अन् विचारे, आज काय खाल्लं, कोणासोबत बोलला, मनात काय आलं. मी सांगे, मनात तं काहीच नाई आलं. तो म्हणे, लपवून राहिला तू. आता मनात काही येत नाई हे कोणाले पटवून सांगावं? मग मी दिवसभर सवाऱ्या नेता नेता दोन-चार विचार करून ठेवत होतो, संध्याकाळी याले द्याले.

नियम एकेक करून आले, एकदम आले असते तं मी पळालो असतो. पहिले आला पिवळा गमछा. मग बाहेरच्या हातचं खायचं नाई. मग दुसऱ्या देवळात जायचं नाई. हे मले जड गेलं, कारण माहा धंदाच देवळाच्या दारात. सवारी उतरवून मी हनुमानजीकडं पाठ करून उभा राहत होतो, अन् नाक पुसायचं सोंग करून हात कपाळाले लावत होतो. फुलवाली म्हणे, सर्दी बरी होत नाई का गा तुह्यी?

एक बाई पुढच्या ओळीत कूलरच्या अगदी समोर बसे. तिनं आईले सोडलं होतं. आई म्हणाली होती, हे काकाजीचं मले बरं दिसत नाई. बस, एवढंच. काकाजीनं सांगतलं, जिभेनं मारलेलं लय खोल लागते बाळा, तिकडं जाऊ नको. तिचं माहेर तिथून जवळच होतं. ती दर गुरुवारी आईचा छळ सांगे अन् रडे, अन् आम्ही मागच्या ओळीतले घामानं भिजलेले लोक म्हणत होतो, काय नशीब आहे बाईचं. मीही म्हटलं. माह्यी नजर तिच्यावर नव्हती, कूलरवर होती.

माह्यी पाळी आली तं मी उठलो अन् म्हटलं, मले कोणी काही म्हटलं नाई. काकाजी लय प्रेमानं म्हणाले, "बाळा, ज्याले कोणीच छळत नाई, तो आपल्यातला कसा?"

मी खाली बसलो. मागून जोडीदार म्हणाला, काही तरी कर.

मग मी छळ शोधाले निघालो. स्टँडवर गमछा घालून मुद्दाम मधात उभा राह्यलो. एक म्हणाला, रंग शोभून राहिला बे तुले, कुठून आणला? दुसऱ्यानं गाडी पुसाले मागतला. चहाच्या टपरीवर जाऊन जोरानं म्हटलं, मी आता तुह्या हातचा चहा पेत नाई, माह्या मार्गात चालत नाई. मले वाटलं आता कप फेकून मारंन. त्यानं लहान आवाजात विचारलं, ॲसिडिटी आहे काय? अन् केळं दिलं. जामसांवलीले फुलवालीले म्हटलं, मी आता देवळात येत नसतो. ती म्हणाली, बरं करते, दुपारी येत जा, गर्दी नसते. सासरी फोन लावला अन् सांगतलं, मी वेगळ्या मार्गाले लागलो. सासरा म्हणाला, लागा बापा कशाले तरी, लागा.

घरी बायकोले म्हटलं, तू तरी विरोध कर. ती म्हणाली, "भाजी जळून राहिली, मंग करतो."

राह्यला दादा. काकाजीचा फोटो आणला होता मी, तो भिंतीवर लावाले खिळा ठोकून राह्यलो होतो. तिसरा खिळा वाकला. दादा त्या मधल्या दारातून आला, हातोडी घेतली, एका ठोक्यात खिळा बसवला, फोटो लावला, बोटानं सरळ केला, अन् गेला. मी त्याच्या पाठीकडं पाहून म्हटलं, याच्याकडून काही आशा नाई.

त्या गुरुवारी उन्हाचा कहर होता. पाळी आली, मी उठलो, अन् तोंडातून निघालं, "माह्या मोठ्या भावानं काकाजीचा फोटो भिंतीवरून फेकला."

सारे हळहळले. मले इतकं बरं वाटलं की मी थांबलोच नाई. म्हटलं, मले उपाशी ठेवते. म्हटलं, वहिनी ताट हिसकून घेते. माह्यं पोट तेव्हा गमछ्याच्या बाहेर येऊन राहिलं होतं, पण कोणाले दिसलं नाई. रडणाऱ्याईले दिसत नाई. काकाजीनं हात केला, अन् पुढच्या ओळीत त्या बाईले थोडं सरकवून मले बसवलं. काय हवा होती बापा. डोळ्यात पाणी आलं माह्या. लोक म्हणाले, पाहा, सांगता सांगता भरून आलं.

आता एकदा सांगतलेला छळ वाढवा लागते, नाही तं जागा जाते. दर गुरुवारी मी दादाले थोडं थोडं वाईट करत गेलो. पावसाळा लागला, कूलरची गरज गेली, तरी मले थांबता येईना. लोक रस्त्यात थांबवून पाठीवर हात ठेवत होते. जन्मात पहिल्यांदा मले कोणी गंभीरपणानं ऐकून राहिलं होतं. नाही तं मी तोंड उघडलं की लोक हसाले सुरुवात करते.

मग काकाजी म्हणाले, घरात पापाचा दरवाजा आहे तो बंद कर. मी म्हटलं, कडी लावतो. ते म्हणाले, कडी नाई बाळा. भिंत.

जोडीदारानं त्याच दिवशी सिमेंटची बोरी माह्या ऑटोत ठेवून दिली. विटा मी आणल्या. दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर मी त्या दारात बसलो. मिस्त्रीचा भाऊ आहो, पण जन्मात वीट उचलली नव्हती. सिमेंट किती घालावं माहीत नाई, म्हून घातलंच घातलं. दुपारपर्यंत एक ओळ झाली. एका टोकाकडून पाह्यलं तं सरळ दिसे, दुसऱ्या टोकाकडून पाह्यलं तं बैल मुतल्यासारखी. दुसऱ्या ओळीची पहिली वीट ठेवली अन् ती माह्या पायावर पडली. मग मी बसून राह्यलो. बायको आली, पाह्यलं, अन् वापस गेली. त्या दिवशी तिले हसूही आलं नाई.

संध्याकाळी दादा आला. दाराच्या त्या बाजूले उभा राह्यला. विटाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं.

"काय करून राहिला बे?"

मी म्हटलं, "दार बुजवून राहिलो. काकाजीनं सांगतलं."

मले वाटलं आता होते छळ. आता मारते. खरं सांगतो, मी तयारच होतो, गाल थोडा पुढं केला होता. पण दादाची नजर माह्यावर नव्हतीच. ती त्या ओळीवर होती. तो खाली बसला, ओळीवरून हात फिरवला, जसा बिमार जनावरावर फिरवते.

"इतकं सिमेंट? धरण बांधून राहिला काय?"

"अंदाज नाई आला."

"ओळंबा कुठं आहे? दोरी?"

"नाई लावली."

तो उठून गेला. मले वाटलं गेला. तं दोरी, ओळंबा अन् थापी घेऊन आला. म्हणाला, सरक तिकडं. मी ओळंब्याची दोरी धराले गेलो तं म्हणाला, हात नको लावू. सकाळची माह्यी ओळ तोपर्यंत दगड झाली होती, ती काही निघाली नाई. तिच्याच वर, तिचा वाक सांभाळत, दादानं भिंत घ्याले सुरुवात केली. मी सिमेंटच्या बोरीवर बसलो, तोंड दुसरीकडं करून. लाज वाटे, अन् पाठीही दुखत होती. मागून थापीचा आवाज येऊन राहिला. तो आवाज मी लहानपणापासून ऐकतो. आपल्या भावाले आपल्या घरातून बाहेर काढून राहिलो, अन् काढाचं कामही तोच करून राहिला, कारण मले येत नाई. यापेक्षा मोठा बुद्धू अजून सौंसरात जन्मला नसंन.

वरची वीट बसवाच्या आधी वहिनीनं फटीतून विचारलं, "भाऊजी, जेवले का?" मी नियमानं उत्तर दिलं नाई. मग ती वीटही बसली.

त्यानंतर एक चमत्कार झाला. माह्या बायकोच्या हाताले एकाएकी चव आली. वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा, काय सांगू. मी बोटं चाटून खाल्लं. गुरुवारी उठून साऱ्याईले सांगतलं, पापाचं दार बंद केल्यावर माह्या घरच्या चुलीत काकाजीची कृपा उतरली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. काकाजीनं डोळे मिटले.

चव कुठून येऊन राहिली होती हे तुमच्या ध्यानात आलं असंन. माह्या नाई आलं. वहिनी समोरच्या दारानं भाजीनं भरलेला गंज घेऊन येत होती, बायको इकडं आपल्या भांड्यात ओतत होती. दोघी मिळून मले पापाचं खाऊ घालत, अन् मी त्याची कीर्ती सांगत फिरे.

पण काकाजीले माह्या छळात आता मोठी गोष्ट दिसाले लागली होती. पांढुर्णा आता जिल्हा झाला, मोठे साहेब तिथंच बसते. परिवारावर अत्याचार होऊन राहिले, असं निवेदन घेऊन साऱ्याईनं गमछे घालून तिथं जायचं ठरलं. पुढं मी. निवेदनात दादाचं नाव. मी जोडीदाराले म्हटलं, नाव कायले, ते लोक असंच लिहा ना. तो म्हणाला, ते लोक कोणीतरी असाले पाह्यजे ना भाऊ. तेव्हा मले पहिल्यांदा दादाची फिकर लागली. दादाले लोक मोठ्या घराची कामं देते, कारण सौंसरात त्याच्याविषयी कोणाले वाईट माहीत नाई. पोलिसांनी एकदा घरी येऊन विचारपूस केली तं तेवढंही पुरंन. मी म्हटलं, जाऊ द्या, मी माफ केलं त्याले. काकाजी म्हणाले, माफीआधी त्यानं कबूल केलं पाह्यजे, बोलाव त्याले. जोडीदार जाऊन सांगून आला. मले वाटलं, दादा कायले येते.

दादा आला. कामावरून सीधा, हाताले, भुवईले सिमेंट. चपला बाहेर सारख्या जोडून ठेवल्या अन् मागच्या ओळीत बसला. एक पोट्टा मोबाइल धरून उभा होता, सारं रेकॉर्ड करून राहिला. काकाजीनं दादाले पुढं बोलावलं, अन् त्याच हळू आवाजात विचारलं. दादा वाकला नाई. म्हणाला, "ऐकू येत नाई, जोरानं बोला." शेडात कोणी असं बोललं नव्हतं.

काकाजीनं जोरानं विचारलं, "तू याचा फोटो फेकला?"

दादानं माह्याकडं पाह्यलं. मी कूलरकडं पाह्यलं. तो बंद होता, तरी पाह्यलं.

"हो, फेकला."

"याले उपाशी ठेवलं?"

दादानं माह्या पोटाकडं एकदा पाह्यलं. "ठेवलं."

"मारलंही?"

हे तं मी कधी सांगतलंच नव्हतं. दादा म्हणाला, "लहानपणापासून मारून राहिलो."

मले लहानपणी दादानं एकदाच मारलं. विहिरीत वाकून पाहत होतो तेव्हा.

काकाजीचा चेहरा पाह्याले पाह्यजे होता. इतक्या वर्षात पहिल्यांदा त्याईले जिवंत छळणारा भेटला होता. ते म्हणाले, उद्या पांढुर्ण्याले यांच्यासोबत साहेबापुढं हेच सांगशील? अन् दादानं काय विचारावं, "किती वाजता? कामावर सांगून ठेवा लागंन."

माह्याच्यानं बसवलं गेलं नाई. मी उठलो. म्हटलं, हे सारं खोटं आहे. फोटो यानंच लावला. मले कोणी उपाशी ठेवलं नाई, हे पाहा पोट. मी कूलरसाठी खोटं बोललो.

काकाजीच्या डोळ्यात पाणी आलं. साऱ्याईकडं वळून म्हणाले, "पाहा. भाऊ समोर उभा आहे तं बिचारा किती भेला."

मी म्हटलं, भेलो नाई बापा, खरं सांगून राहिलो. एक बाई हुंदके द्याले लागली. मी आईची शपथ घेतली, तं म्हणाले, शपथ घ्याले लावली त्याईनं. मी हसून पाह्यलं, माह्यं नेहमीचं हसणं. जोडीदार म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला. जितकं मी सांगू मले कोणी छळत नाई, तितका माहा छळ मोठा होत जाय. मग दोघातिघाईनं मले उचललं अन् कुठं बसवलं? काकाजीच्या बाजूले, गादीवर. हार घातला. परिवारात त्या गादीवर आजपर्यंत कोणी बसलं नव्हतं. ज्या जागेसाठी भावाले विकलं तिच्याहून वरची जागा खरं बोलल्यावर भेटली, अन् मले उतरता येईना.

दादा तसाच उभा होता. म्हणाला, "झालं तुमचं? चल घरी, भाजी थंडी होऊन राहिली."

मी उतरलो. मागून काकाजी म्हणत होते, ओढून घेऊन चालला पाहा. अन् तो तं माह्या पुढं चालत होता, हात लावला नव्हता. बाहेर आलो तं माह्या चपला नाई. जोडीदारानं उचलून ठेवल्या होत्या, जाऊ नये म्हून. मी अनवाणी ऑटोत बसलो, गळ्यात हार. दादा मागं बसला, सवारीसारखा.

रस्त्यात विचारलं, "तू काहून हो म्हटलं?"

"इतक्या लोकाईसमोर तू खोटा पडला असता."

"अन् तुले पोलिसांनी नेलं असतं तं?"

तो म्हणाला, "त्याईच्या ठाण्याची कंपाउंड वॉल मीच बांधली. बसा म्हणते तिथं मले." अन् थोड्या वेळानं, "समोर पाह्य. खड्डा आहे."

दुसऱ्या दिवशी जोडीदार न्याले आला, माह्याच चपला हातात घेऊन. मी चपला घेतल्या, त्याले चहा पाजला, अन् म्हटलं, मी येत नाई. ज्याचा छळ झाला तोच नाई तं निवेदन कोणाचं देतील? ते राहून गेलं. पण परिवारात आता मी आहोच. म्हणते, तिथं दर गुरुवारी माह्यी गोष्ट सांगते, भावानं छळून छळून ज्याचं डोकं फिरवलं तो बिचारा ऑटोवाला. अन् परिवारातलं कोणी माह्या ऑटोत बसत नाई. समोरून आलो तं रस्ता पार करून जाते. एकानं जामसांवलीच्या रस्त्यावर माह्याकडं पाहून थुंकलंही. म्हणजे आता कुठं खरा छळ सुरू झाला, तं सांगाले जागा नाई.

फक्त एक जण बसली. ती पुढच्या ओळीतली बाई. पावसाची झड होती, स्टँडवर ती माह्याजवळ आली, गमछा घडी करून पिशवीत घातलेला. मी म्हटलं, कुठं? ती म्हणाली, रामाकोना. मी काही विचारलं नाई, जे मले जमत नसते. तिच्या आईच्या घरासमोर उतरवलं, अन् वापस न वळता दोन घरं सोडून उभा राह्यलो, की दार नाही उघडलं तं वापस न्याले कोणी असावं. दार उघडलं. मग आलो.

आता भिंतीचं राह्यलं. शेडातून आलो त्याच दिवशी, हार गळ्यातच होता, मी घरी आल्याबरोबर भिंत फोडाले लोखंडी सब्बल घेतली अन् मधल्या दारात गेलो. दादा मागं येऊन उभा राह्यला. म्हणाला, सब्बल कायले? हातानं लोट.

मी लोटली. अख्खी भिंत तिकडं वहिनीच्या स्वैपाकघरात जाऊन पडली. मी पाहतच राह्यलो. नुसत्या मातीच्या गाऱ्यात रचली होती त्यानं. सिमेंटचा एक कण नाई.

"दादा, सिमेंट?"

"त्याच्यावर तं तू बसला होता."

बायको अन् वहिनी दोघी हसून राहिल्या होत्या. त्याईले माहीतच होतं. धूळ खाली बसली, वहिनीनं त्यातून ताट पुढं केलं. वांग्याची भाजी. मी पहिला घास घेतला अन् बायकोकडं पाह्यलं, ती दुसरीकडं पाहाले लागली. तेव्हा मले काकाजीच्या कृपेचा पत्ता लागला.

विटा दादा दुसऱ्या एका कामावर घेऊन गेला. पण खालची ओळ, ती माह्यीवाली, अजून तिथंच आहे. दादानं छिन्नी लावून पाह्यली, छिन्नीचं तोंड मोडलं. म्हणाला, इतकं पक्कं काम मी जन्मात केलं नाई. आता दारातून जाता येता साऱ्याईले पाय उचला लागते. वहिनीले सवय झाली, बायकोले झाली, शेजारच्या मांजरीलेही झाली. माह्या अंगठ्याले मात्र अजून रोज लागते, ताट हातात असते म्हून खाली दिसत नाई. लागलं की तिकडून दादाचा आवाज येते, "वाकडी आहे, पाहून ये."